उंचवट्याशेजारी बसून: कयाकमधून चिखलातल्या पक्ष्यांचे फोटो

खाडीचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगून टाकते. भरतीला पक्षी जिथे गोळा होऊन बसतात ती जागा एकदा सगळीकडे पसरली की पुढच्याच रविवारी तिथे दहा ट्रायपॉड, दोन ड्रोन आणि एखादा मोकळा सोडलेला कुत्रा हे ठरलेलं. तेव्हा एवढंच समजा की रुंद तोंडाची, पश्चिमेला समुद्राकडे उघडणारी खाडी आहे, दोन्ही काठांना खारफुटी, मधे एक खोल पात्र, आणि ओहोटीला दोन्हीकडे नजर पोचेपर्यंत उघडा पडणारा चिखल. त्या चिखलावर पक्षी असतात, भरपूर असतात, पण काठावरून बघितलं तर नुसते ठिपके.

बरेच दिवस मी हे ठिपकेच काढत होते. ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स आहे, वर लेन्सची पोच वाढवणारा कन्व्हर्टर लावून बघितला, ट्रायपॉड जड घेतला, काही उपयोग नाही, कारण ऊन जरा वर आलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि फोटोत पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लोक याला लेन्सचा दोष समजतात, सर्व्हिस सेंटरला पाठवतात, विकून टाकतात. दोष मधल्या दोनशे मीटर तापलेल्या हवेचा असतो आणि त्यावर पैशाने सुटणारा उपाय नाही. अंतर कमी करा, बास. आता चालत जावं तर गुडघ्याएवढा रुतणारा चिखल, शिवाय माणूस चालताना दिसला की अर्धा चिखल रिकामा होतो. मोटरबोट तर विचारूच नका. मग राहिली कयाक, वल्ह्याने चालवायची छोटी हलकी होडी.

माझा मावसभाऊ कयाक चालवतो, म्हणजे खरंच चालवतो, मी आपली वल्हं मारते इतकंच. त्याला म्हटलं, दादा मला एकदा त्या पक्ष्यांपर्यंत ने. तो म्हणाला, "नेतो, पण दिवस आणि वेळ मी ठरवणार. प्रकाश-बिकाश तुझं तू बघ." मला वाटलं यात ठरवायचंय काय, उजाडलं की निघायचं, कोवळं ऊन असतं, दहापर्यंत परत. त्याने भरतीचं कोष्टक उघडलं आणि माझे दोन रविवार सरळ खोडून टाकले.

त्याचं गणित असं. दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. आम्हाला हवं होतं चढतं पाणी आणि सकाळचं ऊन एकत्र, म्हणजे ओहोटी उजाडायच्या सुमाराला पाहिजे. असे दिवस पंधरवड्यातून थोडेच येतात आणि ते काही तुमची सुट्टी बघून येत नाहीत. आणि चढतंच पाणी का, तर उतरत्या पाण्यात कयाक चिखलात टेकली की पुढची भरती येईपर्यंत तुम्ही तिथेच, उतरून ढकलायची सोय नाही कारण उतरलात की तुम्ही रुतणार. चढत्या पाण्यात टेकलात तर दहा मिनिटं गप्प बसायचं, पाणीच उचलतं. हे ऐकल्यावर मी रविवारचा हट्ट सोडला.

शेवटी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, उधाणाच्या पाण्यात, आडवारी रजा टाकून गेलो. ओहोटी सहा दहाला, भरती सव्वाबाराला. दादाचं दुसरं गणित बारा भागांचं, दर्यावर्दी लोक जगभर हेच वापरतात: पाणी सहा तासांत सारखं चढत नाही, एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. फरक चार मीटरचा धरला तर पहिल्या तासात फूटभर आणि तिसऱ्या तासात एकदम मीटरभर. चिखल जवळपास सपाट असतो, त्यामुळे मीटरभर पाणी चढलं म्हणजे कितीतरी मोठा पट्टा डोळ्यांदेखत बुडतो. "आठ ते दहा," दादा म्हणाला, "तुझे पक्षी तेव्हा हलतील. त्याच्या आधी आपण जागेवर पाहिजे आणि हललेलं चालणार नाही."

इथेच माझी कल्पना उलटी झाली. माझ्या डोक्यात होतं की कयाक आवाज करत नाही, तेव्हा हळूहळू वल्हवत पक्ष्यांजवळ जायचं आणि फोटो काढायचे. दादाचं म्हणणं, पक्ष्याकडे जायचंच नाही, पाणी त्याला जिथे आणणार आहे तिथे आधी जाऊन बसायचं. खाडीच्या तोंडाकडे पात्राला लागून एक चिखलाचा उंचवटा आहे, आजूबाजूचा चिखल बुडाला तरी तो बराच वेळ उघडा राहतो. पाणी चढत गेलं की खाणारे पक्षी सरकत सरकत अशा उरलेल्या तुकड्यांवर येतात. म्हणजे जागा पाणी निवडतं, आपण फक्त ती आधी ओळखायची.

कयाकबद्दल थोडं. आम्ही दोघांची एकच न घेता एकेकट्या दोन घेतल्या. दोघांच्या कयाकमधे एक जण वल्हवतो आणि एक फोटो काढतो हे ऐकायला छान आहे पण मागचा जरा खाकरला तरी पुढच्याची फ्रेम हलते, आणि पुढच्याने वळून बघितलं की मागचा सावरायला कलतो, परत हलते. वर बसायची उघडी, रुंद कयाक घ्यायची, ८० सेंटीमीटरच्या आसपास रुंदी असली की मधे बसून लेन्स उचलता येते. दादाची स्वतःची लांब, अरुंद, आत पाय घालून बसायची आहे, ती पाणी कापत जाते पण तिच्यात बसून दोन किलोची लेन्स डाव्या खांद्याकडे वळवायची माझी छाती नाही. तिचं मूळही तसंच, उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची सीलच्या कातड्याची शिकारी होडी, आवाज न करता जनावराजवळ जाण्यासाठीच बनवलेली. त्यांना मात्र तिच्यातून भाला फेकता यायचा.

लाइफ जॅकेट घालायचंच, यावर चर्चा नाही. फोटोवाले ते काढून ठेवतात कारण कॅमेऱ्याचा पट्टा अडकतो, तर पट्टा बदला. कॅमेरा तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत, बॅग पायांच्या मधे, आणि बॅग कयाकला बांधलेली, कॅमेरा मात्र मला बांधलेला नाही. उलटलो तर दोन किलो लेन्स गळ्यात नको. एक कोरडं फडकं, एक गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं डब्यात, कारण खाऱ्या पाण्याचा थेंब कोरड्या फडक्याने पुसला की नुसतं मीठ पसरतं. वल्ह्याला दोरी. आणि एक लांब गुळगुळीत काठी, तिचं काम पुढे येतंच.

पावणेसातला पाण्यात उतरलो तेव्हा पात्रात पाणी स्थिर होतं, कडा उघड्या, दोन्ही बाजूंनी चिखलाच्या भिंती आणि आपण खाली. हे दृश्य काठावरून कधी दिसत नाही. चिखलात हजार भोकं, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी मातीच्या बारीक गोळ्या, खेकडे वर येऊन एक नांगी हलवतायत, आपली सावली पडली की सगळे एकदम गायब आणि वीस-तीस सेकंदांनी परत एकेक डोळा वर. मला इथेच थांबायचं होतं. दादा मागून, "चल गं, पाणी थांबणार नाहीये."

वल्हं मारायचीसुद्धा पद्धत आहे, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. उंच उचललेलं वल्हं लांबून चमकतं, ओलं पातं उन्हात फिरलं की आरशासारखा झोत जातो आणि पक्षी उडतात ते बरेचदा या चमकेने, माणसाने नव्हे. म्हणून आडवं, खाली ठेवून, लांब लांब हात. पक्ष्यांच्या बाजूला शक्यतो वल्हं घालायचंच नाही. आणि सरळ त्यांच्या दिशेने नाक करायचं नाही, बाजूने तिरकं जायचं, जणू आपण दुसरीकडेच चाललोय. सरळ येणारी वस्तू त्यांना आवडत नाही.

साडेसातला उंचवट्याजवळ पोचलो. दादाने जागा निवडली ती उंचवट्याच्या पूर्वेला, तीसेक मीटरवर. सूर्य आमच्या पाठीशी, जमिनीकडून येणारा सकाळचा मंद वाराही पाठीशी. वाऱ्याचं महत्त्व मला माहीत होतं पण इतकं नाही. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, नाहीतर पिसं उलटी फुगतात, आणि उडताना-उतरतानाही वाऱ्याकडेच तोंड. म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून असेल तर अख्खा थवा तुमच्याकडे बघून उभा. फक्त तोच वारा तुम्हालाही त्यांच्याकडे ढकलत असतो, आणि इथे ती काठी लागते, मागच्या टोकाशी चिखलात रोवून दोरीने बांधायची. लोखंडी नांगराचा खळखळाट नाही, काढतानाही आवाज नाही. जोराच्या प्रवाहात मात्र कयाक मधोमध आडवी बांधायची नाही, वरच्या कडेवर पाणी चढतं आणि क्षणात उलटते. उंचवट्याच्या आडोशाला प्रवाह नव्हता म्हणून चाललं.

नाक उंचवट्याच्या जरा उजवीकडे करून बसलो. हे का, तर उजव्या हाताने शटर दाबणाऱ्याला कयाकमधे बसून समोर आणि डावीकडे वळता येतं, उजवीकडे जवळपास नाही. पाय पुढे अडकलेले असतात, कंबर फिरते ती डावीकडेच नीट फिरते. उजवीकडे कितीही भारी पक्षी येऊन बसला तरी तो तुमचा नाही. पहिली पंधरा मिनिटं उजवीकडे एक राखी बगळा मासे पकडत होता, एकामागोमाग एक, आणि मी नुसती मान वळवून बघत होते.

मग वाट बघणं. वाट बघणं म्हणजे कंटाळा असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग सोडून द्या.

पहिला आला तुतवार. कुठून आला ते दिसलंच नाही, थेट माझ्या कयाकच्या नाकावर, शेपूट वरखाली वरखाली करत, काठावर बसल्यासारखा. माझ्यापासून दोन मीटर. माझ्या लेन्सचा कमीत कमी फोकस अडीच मीटर. मी हललेसुद्धा नाही, नुसती त्याच्याकडे बघत बसले, त्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, पोटाचा पांढरा रंग खांद्यापाशी वर चढतो ती खाच, चोचीच्या टोकाला वाळत आलेला चिखल, आणि तो दोन पावलं पुढे येऊन अजून जवळ. दादा मागून दबक्या आवाजात हसतोय. मोबाइल होता, पण तो ड्राय बॅगमधे आणि ती बॅग उघडायची म्हणजे चर्रर्र आवाज.

आठच्या सुमाराला पाणी खरंच पळायला लागलं. डावीकडचा मोठा पट्टा चकाकायला लागला आणि तिकडचे पक्षी चालत, मधेच दोन-चार वेळा पंख मारत, इकडे सरकायला लागले. आधी रेडशँक, लाल पायांचे, सतत मान हलवणारे. हे खाडीचे पहारेकरी, काहीही खुट्ट झालं की पहिले हेच ओरडतात आणि ते ओरडले की सगळे उडतात, म्हणजे तुमचं भवितव्य सगळ्यात भित्र्या पक्ष्याच्या हातात. ते आले, थांबले, आमच्याकडे बघितलं, एकाने मान दोन-तीनदा वरखाली केली. ही खूण लक्षात ठेवा. खाणं थांबवून मान ताठ केली किंवा अशी मान झटकायला लागला की तुमची हद्द झाली, तिथून पुढे कॅमेराही हळू उचलायचा. आम्ही गप्प. दोन मिनिटांत त्यांनी आम्हाला खाडीत वाहून आलेल्या सामानात जमा केलं आणि परत खायला लागले.

सेटिंगचं विचारणारे असतात म्हणून एकदाच सांगते. कयाक स्थिर बांधली तरी श्वासाबरोबर हलते, त्यामुळे शटर १/१६०० च्या खाली न्यायचं नाही, उडत्या पक्ष्याला १/२५००, आयएसओ ऑटो, अॅपर्चर एफ ६.३, स्टॅबिलायझर चालू. व्ह्यूफाइंडरमधली लेव्हलची रेघ चालू ठेवा, नाहीतर घरी आल्यावर प्रत्येक फोटोतलं पाणी एका बाजूला सांडतंय. कोपर गुडघ्यावर. बगळे उन्हात असतील तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी, पांढरा रंग एकदा जळला की परत येत नाही, काळपट चिखलामुळे कॅमेरा फसतो आणि बगळ्याचा नुसता पांढरा कागद करून देतो. बाकी जे तुमचं असेल ते.

आणि उंची. बसलेल्या माणसाच्या हातातली लेन्स पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटरवर असते, मांडीवर ठेवून स्क्रीन उघडून काढलं तर त्याच्याही अर्ध्यावर. काठावरून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल असतो, पायापासून डोक्यापर्यंत चिखल. इथून त्याच्या पायाखाली ओल्या चिखलाची बारीक रेघ, आणि मागे लांबचं पाणी, खारफुटीचा हिरवा धूसर पट्टा. पक्षी आपल्या बरोबरीचा दिसतो. कयाकचा सगळा खटाटोप याच्यासाठी, जवळ जाण्यापेक्षाही जास्त.

मग विंब्रेल आला. डोक्यावर पट्टे, खाली वाकलेली चोच, चाल सावकाश. तो खेकड्याच्या भोकांशी जे करतो ते मी वाचलं होतं, पण पंधरा मीटरवरून बघणं वेगळं. एका भोकाशी थांबला, मान कलती केली, आणि चोच तिच्या वाकण्याच्या दिशेनेच भोकात अशी उतरवली की भोकाचं वळण आणि चोचीचं वळण एकच. डोळ्यापर्यंत आत. मग मागे खेचून बाहेर, टोकाला खेकडा, एक पाय धरलेला. त्याने तो झटकला, एकदा, दोनदा, पाय तुटून धड उडून पडलं, ते उचललं, परत झटकलं, एकेक पाय गळत गेला, नांगी गेली, मग उरलेली डबी घेऊन पाण्याच्या कडेला चालत गेला, बुडवून चिखल धुतला आणि मान वर करून गिळली. नंतर मागे येऊन गळलेले पायही वेचून खाल्ले, एखादा सोडून. माझ्याकडे या सगळ्याची लांबलचक मालिका आहे आणि त्यातला चांगला फोटो धुण्याचा आहे, झटकण्याचा नाही. झटकण्याच्या सगळ्यांत एकतर खेकडा फ्रेमबाहेर नाहीतर पापणी मिटलेली. झटकताना डोळे मिटतो तो, चिखल उडतो ना.

१५ मीटरवर माझ्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात ६०० मिलिमीटरला फ्रेमची रुंदी ६० सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. रेडशँक छान बसतो, विंब्रेल काठोकाठ, आणि विंब्रेलसारखाच पण थोराड कर्ल्यू आला की चोच किंवा शेपूट यातलं एक निवडा. त्याची दाभणासारखी चोच मादीत तर १५ सेंटीमीटरच्याही वर जाते. लेन्स मागे घ्यायची, ४०० वर आणायची, हे त्या घाईत आठवायला हवं.

नऊच्या पुढे गॉडविट उतरले, पट्टेरी शेपटीचे, मोठा थवा. थंडी सरत आलेली, काहींच्या पोटावर विटकरी रंग चढायला लागलेला, म्हणजे निघायची तयारी. हे चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून खातात, आणि गंमत अशी की खालून वर काढेपर्यंत काही पकडलंय हे दिसतच नाही. या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यात दाब ओळखणाऱ्या पेशी. चोच पूर्ण न उघडता फक्त टोक वर उचलता येतं, म्हणजे आत खोल चिखलातसुद्धा किडा धरता येतो. यांचाच भाऊबंद नॉट नावाचा पक्षी, त्याच्यावर नेदरलँड्सच्या थ्यूनिस पिअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मधे प्रयोग छापला होता, ओल्या वाळूत पुरलेले शिंपलेच काय, दगडसुद्धा त्याला न शिवता सापडले, आणि कोरड्या वाळूत मात्र नाही. पाण्याने भरलेल्या वाळूत चोच दाबली की दाबाची लाट जाते आणि कडक वस्तूपाशी वेगळी होते, ती तो ओळखतो. समोर गॉडविट शिवणयंत्र चालवावं तसे टोचत होते म्हणणार होते, पण ते खरं नाही, ते टोचतात, थांबतात, मान जरा फिरवतात, मग परत. थांबतात तेव्हा फोटो.

आणि या गॉडविटना उडवायचं नाही याचं कारण नुसतं सभ्यपणाचं नाहीये. २०२२ च्या ऑक्टोबरमधे याच जातीचं एक पिल्लू, जन्मून पाचेक महिने झालेलं, अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांनी टास्मानियात पोचलं, १३,५६० किलोमीटर, पाठीवरच्या सॅटेलाइट टॅगमुळे कळलं. पाण्यावर बसून विश्रांती घेता येत नाही यांना. निघायच्या आधी अंगावर इतकी चरबी चढवतात की वजनाचा अर्धाअधिक भाग तीच होते, आणि जठर-आतडी आक्रसून घेतात, उडताना त्यांचं ओझं कशाला. ही चरबी म्हणजे समोरचा हा चिखल आणि दोन भरत्यांमधले हे मोजके तास. आपण एकदा उडवलं की दहा मिनिटांचं खाणं गेलं आणि उडण्यात चरबी गेली ती वेगळी. चिखलही आता कमी कमी होत चाललाय, दक्षिण कोरियात सेमांगुमला २००६ मधे ३३ किलोमीटरच्या समुद्रभिंतीचं शेवटचं तोंड बुजलं आणि पिवळ्या समुद्रातला स्थलांतरी पक्ष्यांचा एक भलामोठा थांबा बंद झाला.

यात कयाकवाल्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. आवाज नाही, धूर नाही, सगळं खरं, पण वीतभर पाण्यातून ती जिथे शिरते तिथे दुसरं कुणीच येत नाही, आणि म्हणून पक्षी तिथे बेसावध असतात. मोटरबोट लांबूनच ऐकू येते, पक्षी आधीच बाजूला होतात. कयाक खारफुटीच्या वळणावरून एकदम समोर उगवते. मला विचाराल तर अरुंद फाट्यांमधे फोटोसाठी कयाक घालूच नये, उघड्यावर, लांबून दिसेल अशी आणावी आणि मग बसून राहावं. दादाला हे पटत नाही, त्याचं आवडतं ठिकाण म्हणजे ते फाटेच.

पावणेदहाला उंचवटा खोलीएवढा उरला होता आणि त्यावर सगळे. गॉडविट पोटापर्यंत पाण्यात, शेकाट्या त्यांच्यामागे उंच लाल पायांवर आरामात, कडेला चिखले, छोटे गुबगुबीत पक्षी, धावतायत थांबतायत, एका कोपऱ्यात विंब्रेल आपली जागा धरून. लहान बगळा मधे घुसून पिवळ्या पंजाने पाणी ढवळत होता आणि रेडशँकना त्याचा राग येत होता. सगळ्यात जवळचा पक्षी आठ मीटरवर असेल. मी ६०० सोडून २०० वर आले, थव्याचे फोटो काढले, मग कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघितलं, मग परत काढले. बर्स्ट मारून मारून, म्हणजे सलग फोटो काढून, कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरत होती आणि नेमकं त्याच वेळी काहीतरी होणार हा नियम आहेच, दोन गॉडविटची मारामारी झाली, चोचीला चोच, आणि कॅमेरा कार्डवर लिहीत बसलेला. तेवढ्या जागेत आवाजही असतो, सतत चिवचिव, कुरकुर, पाण्याचा चुळचुळ आवाज. फोटोत तो येत नाही म्हणून नंतर फोटो बघताना काहीतरी कमी वाटतं.

दहाच्या सुमाराला वारा पडला. मग समुद्राकडून सुटला, आधी एक झुळूक, मग नेमाने. आणि अख्खा थवा, एकेक करत, दोन मिनिटांत, तोंड फिरवून उभा. माझ्यासमोर शंभर शेपट्या. मी दादाकडे बघितलं, तो म्हणाला, "झालं तुझं. चल आता."

उंचवटा सव्वादहाच्या सुमाराला बुडाला असावा, आम्ही त्याच्या आधीच निघालो. शेवटपर्यंत थांबायचा मोह होतो, सगळे एकदम उडतील तो फोटो मिळेल म्हणून, पण पक्षी तिथून उडून भरतीच्या बसायच्या जागेवर जातात आणि त्या वाटेत आपण नको. काठी हळू उपटली, उलट्या वल्ह्याने मागे सरलो, पाठ न फिरवता, आणि पन्नास-साठ मीटर गेल्यावर वळलो. येताना काही करावं लागलं नाही. चढतं पाणी आत वाहत होतं, समुद्राचा वारा पाठीमागून, दादाने जातानाचा सगळा आराखडा परतीच्या वाऱ्यावर बांधला होता हे तेव्हा लक्षात आलं. सकाळी ज्या चिखलाच्या भिंतींमधून गेलो त्यांच्यावर आता चार हात पाणी, खारफुटीच्या फांद्यांच्या उंचीने तरंगत आलो. तीन तास पाय पुढे करून बसल्यावर उतरताना मात्र माझे गुडघे सरळ होईनात, दादाने कयाक धरली आणि मी अक्षरशः रांगत बाहेर.

आल्यावर पहिलं काम जेवण नाही, कॅमेरा. ओल्या फडक्याने सगळं पुसायचं, झूमच्या रबराखाली, हुडच्या खाचेत, मग कोरड्याने, मग उघड्यावर वाळवायचं, लगेच बॅगेत घालून बंद करायचं नाही. काठी, दोऱ्या, कयाक गोड्या पाण्याने धुवायची. लाइफ जॅकेटच्या झिपवरसुद्धा पाणी मारायचं, मीठ धरलं की पुढच्या वेळी पाण्यात उघडत नाही.

फोटोंपैकी बरेचसे बाद. तिरके, पंख कापलेले, एकाच्या डोळ्याऐवजी मागच्याच्या शेपटीवर फोकस. ठेवलेत त्यांत विंब्रेल खेकडा धुताना, रेडशँक पाठमोरा पण मान वळवून बघणारा, आणि थव्याचा एक, ज्यात सगळे डोळे उघडे आहेत असं वाटतंय, अजून पूर्ण तपासलेला नाही. पुढच्या वेळी जड लेन्स घरी ठेवून ३०० मिलिमीटरची हलकी न्यायचा विचार आहे, हात वाचतात आणि दोन मीटरवरचा तुतवारही मिळेल. दादाला भांगाच्या, म्हणजे उधाणाच्या उलट छोट्या भरतीच्या, दिवसांत जाऊन बघायचंय, पाणी कमी चढतं, उंचवटा बुडतच नाही. माझं म्हणणं, मग सगळा चिखलच उघडा राहणार, पक्षी उंचवट्यावर येतील कशाला. यावर अजून वाद चालू आहे, आणि कोष्टक सध्या त्याच्याकडे आहे.